चित्र गॅलरीतून घ्यावं की थेट चित्रकाराच्या घरून?

प्रिय ताई,

आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. मी ऐरोलीला नोकरी करते आणि रोज ऑफिसच्या बसने ऐरोलीचा पूल ओलांडते. गेल्या महिन्यात नणंदेबरोबर फोर्टात काम होतं. ते लवकर उरकलं म्हणून काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत शिरलो. आयुष्यात पहिल्यांदाच. तिथे एका चित्रापुढे मी उभी राहिले ती राहिलेच. खाली करडा चिखल, वर पाणी आहे की आभाळ ते कळत नाही, आणि मधून गेलेला एक फिकट गुलाबी पट्टा. ओहोटीची आपली खाडी! रोज बसच्या खिडकीतून दिसते तीच, पण मी ती कधी पाहिलीच नव्हती असं वाटलं.

चित्र तीन फूट बाय चार फूट आहे, ॲक्रिलिकमधलं. किंमत १,४०,००० रुपये. घर घेतल्यापासून हॉलची एक भिंत रिकामी आहे आणि माझ्याकडे बोनसचे पैसे आहेत. नंतर कळलं की चित्रकार ऐरोलीतच राहतात. ऑफिसमधल्या एकाकडून नंबरही मिळाला. यजमानांचं म्हणणं असं, की गॅलरी निम्मे पैसे कापते. आपण थेट त्यांच्या घरी जाऊ आणि ९०,००० रोख देऊ. त्यांना २०,००० जास्त मिळतील, आपले ५०,००० वाचतील. वाशीच्या मार्केटातल्या अडत्याला टाळून आपण देवगडच्या बागवाल्याकडून हापूसची पेटी मागवतो, तसंच हे.

मी फोन केला. ते आधी छान बोलले. किमतीचं काढल्यावर गप्प झाले. मग म्हणाले, "ते चित्र आता गॅलरीकडे आहे, तुम्ही त्यांच्याशीच बोला. पण तुम्हाला आवडलं हे ऐकून बरं वाटलं." यजमान म्हणतात, फोनवर कुणी कबूल होत नाही, एकदा घरी जाऊन बसू. सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशांत अंगावर सोनं येईल, भिंतीला कशाला घालता? मला ते चित्र हवंय, पण कुणाला अडचणीत टाकून नको. काय करू?

– एक वाचक, ठाणे (पूर्व)

प्रिय मैत्रिणी,

चित्र घ्या. गॅलरीतूनच घ्या. आणि कृपा करून त्यांच्या घरी जाऊन बसू नका.

या शेवटच्या वाक्याबद्दल मी इतकी ठाम का आहे ते आधी सांगते. माझा थोरला भाऊ चित्रकार होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. नौपाड्यात दोन खोल्यांचं घर, दिवसा छापखान्यात नोकरी, रात्री आणि रविवारी चित्रं. चाळिशी उलटल्यावर मुंबईतल्या एका गॅलरीने त्याचं काम घेतलं. पहिल्या प्रदर्शनात तीन चित्रांखाली लाल टिकली, म्हणजे विकलं गेल्याची खूण, लागली, तेव्हा आईने घरी शिरा केला होता. त्यानंतर काही महिन्यांनी एक गृहस्थ पेढे घेऊन घरी आले. प्रदर्शन पाहिलं होतं, चित्रं मनापासून आवडली होती, माणूस वाईट अजिबात नव्हता. तीन मजले चढून आले, वहिनीने चहा टाकला, तासभर गप्पा झाल्या. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि विचारलं, "घरच्या भावात दोन देता का?" अण्णाला नाही म्हणता आलं नाही. पाहुणा दारात आलेला, पैसे समोर ठेवलेले, पोराची फी भरायची होती.

ती दोन चित्रं ज्या घरात लागली, तिथे एकदा दुसरे एक गृहस्थ जेवायला गेले. त्यांनी त्याच आकाराचं अण्णाचं चित्र गॅलरीतून पूर्ण किमतीला घेतलेलं. बोलता बोलता भाव निघाला. गॅलरीतून अण्णाला फोन आला, तोही शांत आवाजात. पंधरा दिवसांनी टेम्पोतून त्याची उरलेली आठ चित्रं घरी परत आली. बबल प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून, प्रत्येकावर नाव लिहून. आमच्या पॅसेजमध्ये ती कित्येक महिने उभी होती, आम्ही तिरके होऊन त्यांच्या बाजूने जायचो. अण्णा त्यानंतरही चित्रं काढत राहिला, भाड्याच्या हॉलमध्ये लावत राहिला. पण त्याच्या कामाबद्दल चार लोकांशी बोलणारं, पुढच्या वर्षाचा विचार करणारं दुसरं कुणी त्याला पुन्हा मिळालं नाही.

म्हणून तुमच्या चित्रकारांचं फोनवरचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी तुम्हाला नकार दिला आणि त्याच दमात आनंदही बोलून दाखवला. दोन्ही खरं आहे. समोरासमोर बसलात तर हेच उत्तर देणं त्यांना दसपट जड जाईल, आणि ते कबूल झालेच तर ती संमती संकोचातून आलेली असेल.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते चुकीच्या भावनेतून बोलत नाहीत, त्यांना चित्रकारालाच जास्त पैसे मिळावेत असं वाटतंय. गॅलरीचा वाटा मोठा असतो हेही खरं. आपल्याकडे तो साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत जातो. पण हापूसचं उदाहरण इथे बसत नाही. देवगडच्या बागवाल्याने तुम्हाला दिलेली पेटी त्याने अडत्याकडे ठेवलेलीच नव्हती. त्याने कुणाला दिलेला शब्द मोडला नाही. तुमचं चित्र मात्र चित्रकाराने स्वतःहून गॅलरीच्या हवाली केलंय, ठरावीक मुदतीसाठी, ठरलेल्या किमतीला. अशा करारात बहुधा हेही असतं, की त्या मुदतीत चित्र घरून विकलं गेलं तरी गॅलरीचा वाटा द्यायचा. शिवाय, तुम्हाला ते चित्र दिसलं कुठे? त्या भिंतीवर, त्या दिव्याखाली. ऐरोलीतल्या त्यांच्या घरावरून तुमची बस रोज जात असेल. तुम्ही कधी उतरला नसता.

त्या वाट्यातून काय काय होतं, तेही यजमानांना सांगा. दक्षिण मुंबईतली जागा, दिवे, चित्रांची ने-आण, विमा, फोटो, पुस्तिका, आणि मुख्य म्हणजे विकलं न गेलेलं काम वर्षानुवर्षं सांभाळणं. एखाद्याच्या नावामागे पाच-सात वर्षं उभं राहायचं, संग्राहकांना पुन्हा पुन्हा बोलवायचं, दिल्लीच्या कला मेळ्यात स्टॉलचं भाडं भरून त्याची दोन चित्रं न्यायची, आणि ती न विकता परत आणायची. अडत्या आज याचा आंबा विकतो, उद्या त्याचा. चांगली गॅलरी एका माणसाचं नाव वाढवते.

मुंबईत हे काम सुरू झालं तेच मुळी अशा चिकाटीतून. केकू गांधी यांचा फ्रेमचा धंदा होता. १९४० च्या दशकात आरा, हुसेन यांच्यासारख्या त्या वेळच्या नवख्या चित्रकारांची कामं ते आपल्या फ्रेमच्या दुकानात लावायचे, कारण ती लावायला दुसरी जागाच नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली १९५२ मध्ये. आणि १९६३ मध्ये तिच्याच पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधींनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. ज्यांच्या नावावर आज कोट्यवधींच्या बोली लागतात, त्यांची चित्रं कुणी घेत नव्हतं तेव्हा ती भिंतीवर ठेवणारी ही माणसं होती. त्यांना नुसतं दलाल म्हणणं मला पटत नाही.

थेट घेणं नेहमीच चूक, असा याचा अर्थ घेऊ नका. जहांगीरमध्ये चित्रकार आठवड्याचं भाडं भरून हॉल घेतो, आणि बहुतेक वेळा स्वतः तिथे उभा असतो. तिथे त्याच्याशी बोलून त्याच्याकडूनच चित्र घ्यायचं असतं. आपल्या ठाण्यात कापूरबावडीच्या कलाभवनात प्रदर्शनं लागतात, तिथेही तसंच. जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनात तर मुलांकडून थेट घेण्यासारखा आनंद नाही. प्रश्न एवढाच विचारायचा: हे चित्र आत्ता कुणाच्या हाती सोपवलेलं आहे? तुमच्या बाबतीत उत्तर चित्रकारानेच देऊन टाकलं आहे.

आता किमतीची गोष्ट, कारण २०,००० जास्त मिळाले तर चित्रकाराचं भलंच होईल असं वरवर दिसतं. एका चित्रकाराच्या चित्रांचे भाव सहसा आकारावरून ठरतात आणि सगळीकडे एकसारखे ठेवावे लागतात. तीन बाय चारचं चित्र एका घरी ९०,००० ला गेलं, की ज्यांनी त्याच आकारासाठी १,४०,००० मोजले त्यांना आपण फसलो असं वाटतं, आणि पुढचं कुणी १,४०,००० देत नाही. जी किंमत गाठायला त्याला दहा वर्षं लागली ती एका दुपारीत खाली येते.

आणि चित्रकाराला पैसे मिळतात ते फक्त पहिल्या विक्रीत, हे विसरू नका. चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं. अशा वेळी पैसा जातो तो ज्याच्याकडे तेव्हा चित्र आहे त्याच्याकडे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५३अ आहे. मूळ चित्र १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यातला वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के, असं त्यात म्हटलंय. प्रत्यक्षात हा वाटा कुणाच्या हातात क्वचितच पडतो. म्हणून पहिली विक्री सरळ, पूर्ण किमतीची आणि पावतीची असली पाहिजे. तीच त्याची कमाई.

तुमच्या यजमानांच्या संशयाला एका ठिकाणी मात्र मी पूर्ण दुजोरा देते. सगळ्या गॅलऱ्या वेळेवर पैसे देत नाहीत. अण्णाचे एका ठिकाणी दीड वर्ष अडकले होते, आणि त्या काळात घरात काय ओढाताण झाली ते मी पाहिलं आहे. तेव्हा चित्र घेताना सरळ विचारा, "चित्रकारांना त्यांचे पैसे किती दिवसांत जातात?" ग्राहकाने हा प्रश्न विचारला की गॅलरीलाही कळतं, कुणीतरी बघतंय. नीट चालणारी जागा असेल तर उत्तर लगेच मिळेल. उडवाउडवी झाली तर ते चित्र सोडायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण मागच्या दाराने जाऊ नका.

पैसे कमी करायचे असतील तर त्याचे सरळ रस्ते आहेत. सवलत एकदा, नीट शब्दांत मागा. पाच-दहा टक्के सोडायची तयारी बऱ्याच ठिकाणी असते. पण ती सवलत पुष्कळदा गॅलरी आणि चित्रकार दोघांच्या वाट्यातून जाते, म्हणून ताणू नका. हप्ते करून मागा. तीन-चार महिन्यांत बिनव्याजी पैसे घेऊन शेवटच्या हप्त्याला चित्र हवाली करणाऱ्या गॅलऱ्या पुष्कळ आहेत. तेही झेपणार नसेल तर याच चित्रकाराची कागदावरची कामं आहेत का ते विचारा. जलरंग, रेखाटनं, मोठ्या चित्राआधी केलेले छोटे कच्चे प्रयत्न कॅनव्हासपेक्षा बरेच स्वस्त असतात, आणि कधी कधी मला तीच जास्त आवडतात, कारण त्यांत चित्रकाराचा हात आपल्याला चाचपडताना दिसतो.

रोख मात्र नको. बँकेतूनच द्या आणि जीएसटीची पावती तुमच्या स्वतःच्या नावावर घ्या, कारण बोनस तुमचा आहे. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. सांगितलेली किंमत करासह आहे की त्यावर कर लागणार ते आधीच स्पष्ट करून घ्या, नाहीतर १,४०,००० चे १,४७,००० होतील आणि घरी पुन्हा वाद. सोबत चित्राचा दाखला मागा. त्यावर चित्राचा फोटो, नाव, वर्ष, माध्यम, माप आणि चित्रकाराची सही असावी. पावती आणि दाखला घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्येच ठेवा. उद्या कधी विकायची वेळ आली तर आयकर कायद्यात चित्र ही भांडवली मालमत्ता धरली जाते, आणि खरेदीची किंमत दाखवायला हाच कागद लागतो. आणि एक: विकत घेता तो कॅनव्हास. कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. घरात लावा, फोटो नातेवाइकांना दाखवा, पण त्याचं कॅलेंडर किंवा पत्रिकेवर छापणं त्यांना विचारल्याशिवाय करू नका.

सासूबाईंचं काय? त्यांचं म्हणणं बरोबर आहे. चित्र म्हणजे सोनं नव्हे. अडीनडीला सराफाकडे नेऊन संध्याकाळपर्यंत पैसे आणता येतात तसं चित्राचं होत नाही. हयात चित्रकारांची बहुतेक चित्रं लिलावापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि परत विकायला काढली तर घेतलेल्या किमतीला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. गॅलरीत कुणी "दहा वर्षांत दुप्पट होईल" म्हणालं तर त्या वाक्याला काडीची किंमत देऊ नका. घरावरचं कर्ज, मुलांचं शिक्षण, आजारपणाचे बाजूला ठेवलेले पैसे, यांपैकी कशाला हात लावून हे चित्र घ्यायचं असेल तर मी सासूबाईंच्या बाजूने आहे. बोनसमधून घेणार असाल, तर सासूबाईंना हे मोकळेपणाने सांगा की यातून पैसे परत येतील असं गृहीत धरलेलं नाही. भांडण बहुतेक वेळा तिथेच असतं. आपण "गुंतवणूक आहे" म्हणून पटवायला जातो आणि समोरचीला ते खोटं वाटतं, कारण ते खोटंच असतं.

त्यांना घेऊन जा ना एकदा. चित्र अजून आहे का ते आधी फोन करून विचारा, आणि शनिवारी सकाळी निघा. बऱ्याच गॅलऱ्या रविवारी बंद असतात. ठाण्याहून गाडी पकडून सीएसएमटीला उतरलात की टॅक्सी करा, सासूबाईंना चालवू नका. तिथे पोचल्यावर काही समजावून सांगू नका. बाक किंवा खुर्ची मागा, देतात. चित्रापुढे वीस मिनिटं बसा. कोपरीत इतकी वर्षं काढलेल्या बाईने खाडी तुमच्यापेक्षा जास्त पाहिली आहे. मिठागरं पांढरी दिसायची तेव्हाची, बोटीने मासळी यायची तेव्हाची. त्या चित्रात त्यांना काय दिसतं ते ऐका. आवडलं नाही तर नाही, निदान काय नाकारतोय ते पाहून नाकारलेलं असेल.

भिंतीचा प्रश्न मी यजमानांवर सोपवते. तुम्ही खाडीच्या इतक्या जवळ आहात की पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येतच असणार. त्या भिंतीवर कॅनव्हास लावला तर मागून बुरशी धरते, आणि ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आतली भिंत निवडा. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत बोटभर हवा खेळती राहील. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, उन्हाने रंग उडतात. देवघर हॉलमध्ये असेल तर त्याच्या वरही नको, समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर ॲक्रिलिकवर बसला की निघत नाही. पुसायला ओलं फडकं कधीच वापरू नका, काच पुसायचा फवारा तर नकोच. मऊ, कोरड्या ब्रशने महिन्यातून एकदा धूळ झटका, पुरे. मोलकरणीलाही हे स्वतः दाखवा. चार फुटांचं चित्र लोकलने आणायचा विचारही करू नका, घरपोच देणार का आणि त्याचे पैसे वेगळे का, ते बिलाच्या आधी ठरवा.

राहिले चित्रकार. त्यांना तुम्ही फोन केलात यात गुन्हा काही नाही, किमतीचं बोललात ते त्यांनीच सावरून घेतलं. लांबलचक माफी मागू नका, त्यांना आणखी अवघडल्यासारखं होईल. गॅलरीत पैसे भरले की त्यांना एक निरोप पाठवा: "ओहोटीचं चित्र गॅलरीतून घेतलं. मी रोज ऐरोलीच्या पुलावरून जाते." आणि गॅलरीला सांगा, चित्रकारांना भेटायचं आहे, स्टुडिओ पाहायचा आहे. ही भेट ते आनंदाने घडवून आणतात. मग जा ऐरोलीला, यजमानांनाही न्या, पेढे घेऊन जा. तेव्हा त्यांच्या घरचा चहा तुम्हाला निर्धास्त पिता येईल, आणि त्यांनाही.

– तुमची ताई